खेळातून तांत्रिक प्रशिक्षण: आयटीआय प्रशिक्षणार्थींसाठी माहिती

थोडक्यात
सराव चाचण्या, सिम्युलेटर आणि कौशल्य स्पर्धा यांमुळे तांत्रिक शिक्षण सोपे होते व शिकण्याची गोडी टिकते. बेळगाव, निपाणी भागातून बेंगळुरूत शिकायला आलेल्या मराठी भाषक प्रशिक्षणार्थींनाही पुढील सुविधांचा लाभ घेता येतो.

१. भारत स्किल्स पोर्टल
प्रशिक्षण महासंचालनालयाने २०१९ मध्ये सुरू केलेल्या या पोर्टलवर ट्रेडनुसार अभ्यासक्रम, व्हिडिओ, प्रश्नसंच आणि सराव चाचण्या मोफत मिळतात.
कसे वापरावे: आपला ट्रेड निवडा, चाचणी सोडवा, चुकलेले प्रश्न वहीत लिहा आणि आठवड्याने तीच चाचणी पुन्हा द्या. तुलना मित्राच्या गुणांशी न करता स्वतःच्या मागील गुणांशी करा.

२. सिम्युलेटर
वेल्डिंग सिम्युलेटरवर टॉर्चचा कोन, अंतर आणि वेग बरोबर होता की नाही ते पडद्यावर दिसते व गुण मिळतात. साहित्य वाया जात नाही, भाजण्याची भीती नसते, त्यामुळे नवशिका निर्धास्तपणे पुन्हा पुन्हा प्रयत्न करू शकतो. आपल्या संस्थेत ही सोय आहे का, हे निदेशकांना विचारा.

३. इंडिया स्किल्स स्पर्धा
यात ठरलेल्या वेळेत प्रत्यक्ष काम करून दाखवायचे असते. २०१८ मध्ये दक्षिण विभागाची फेरी बेंगळुरूत झाली होती. राष्ट्रीय स्तरावर निवडलेले स्पर्धक वर्ल्ड स्किल्समध्ये उतरतात. २०२४ मध्ये फ्रान्समधील लियों येथे भारताने ४ कांस्यपदके मिळवली.
पात्रता: वयोमर्यादा कौशल्यानुसार बदलते. २०२४ साठी बहुतेक कौशल्यांत जन्म १ जानेवारी २००२ किंवा त्यानंतरचा असणे आवश्यक होते.
नोंदणी: स्पर्धा जाहीर झाल्यावर स्किल इंडिया डिजिटल हबवर करावी.

हे लक्षात ठेवा
• आयटीआय परीक्षेत उत्तीर्ण होण्यासाठी लेखी विषयांत किमान ३३ टक्के, तर प्रात्यक्षिकात किमान ६० टक्के गुण लागतात. मोबाइलवरील चाचणीत पूर्ण गुण मिळाले तरी कार्यशाळेतील सराव बुडवू नका.
• सिम्युलेटरवर उष्णता, ठिणग्या आणि धूर नसतात. खऱ्या यंत्रावर सुरक्षा साधने घातल्याशिवाय काम करू नका.
• ॲपमधील गुण किंवा बॅज म्हणजे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र नव्हे.
• सराव चाचणीसाठी कोणी पैसे किंवा ओटीपी मागितल्यास देऊ नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

स्पर्धेत हरल्यास परीक्षेच्या निकालावर परिणाम होतो का?
नाही. दोन्ही स्वतंत्र आहेत.

स्वतःचा स्मार्टफोन नसल्यास?
संस्थेच्या संगणक कक्षात चाचणी देता येईल का ते विचारा. चार-पाच जणांनी मिळून एका फोनवर प्रश्न वाचून, आधी चर्चा करून मग उत्तर निवडले, तरी उत्तम सराव होतो.

कन्नड येत नाही, काय करावे?
निमी, चेन्नई ही संस्था अनेक ट्रेडची पुस्तके मराठीतही काढते. यंत्रांच्या भागांची नावे मात्र कन्नड व इंग्रजीतही पाठ करा. बेंगळुरूच्या कारखान्यांत तीच कानी पडतील.