फॅरडेचा अर्ज

नोकरी कशी शोधावी याचा सल्ला देणाऱ्यांची आपल्याकडे कधीच टंचाई नव्हती. बायोडेटा एकाच पानाचा ठेव, चार ओळखीच्या लोकांच्या कानावर घालून ठेव, मुलाखतीला बुटांना पॉलिश करून जा... यात मी आणखी भर घालत नाही. आज फक्त एका अर्जाची गोष्ट सांगतो. हा अर्ज २०० वर्षांहून जुना आहे, चांगला ३०० पानांचा आहे आणि त्याचं बाइंडिंग अर्जदाराने स्वतःच्या हाताने केलेलं आहे.

अर्जदाराचं नाव मायकेल फॅरडे. शाळेत आपण ज्याचे विजेचे नियम पाठ केले आणि पेपर झाल्यावर विसरलो, तोच. जन्म १७९१ चा, लंडनजवळचा. वडील लोहार, त्यांची तब्येत कायम तोळामासा, त्यामुळे घरात ओढाताण. शिक्षण लिहिण्यावाचण्यापुरतं. १८०४ साली हा मुलगा जॉर्ज रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे निरोप पोचवणारा पोऱ्या म्हणून लागला. पुढच्याच वर्षी तिथे बाइंडिंगचं काम शिकायला सात वर्षांच्या उमेदवारीवर राहिला.

दुकानात बांधायला येणारी पुस्तकं हा वाचून काढायचा. एनसायक्लोपीडिया ब्रिटानिकामधला विजेवरचा लेख त्याने तिथेच वाचला. जेन मार्सेट या बाईंनी रसायनशास्त्रावर संवादाच्या रूपात लिहिलेलं पुस्तक वाचलं आणि त्यातले परवडतील ते प्रयोग करून पाहिले. मालक भला होता, त्याने अडवलं नाही. १८१० पासून फॅरडे शहरात एका गृहस्थांच्या घरी होणाऱ्या विज्ञानाच्या व्याख्यानांना जाऊ लागला. प्रत्येक व्याख्यानाला एक शिलिंग पडायचा, आणि तो द्यायचा लोहारकाम करणारा त्याचा थोरला भाऊ. (या भावाचं नाव रॉबर्ट. पाठ्यपुस्तकात ते येत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.) ऐकलेलं सगळं फॅरडे घरी येऊन नीट उतरवून काढी आणि बांधून ठेवी.

या बांधलेल्या वह्यांनी पहिलं दार उघडलं. दुकानाच्या गिऱ्हाइकांपैकी विल्यम डान्स नावाच्या एका संगीतकाराने १८१२ मध्ये त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या हम्फ्री डेव्हीच्या चार व्याख्यानांची तिकिटं दिली. डेव्ही म्हणजे त्या काळचा विज्ञानातला तारा. सोडियम आणि पोटॅशियम वेगळे करून दाखवणारा. फॅरडे वर गॅलरीत बसला, ऐकत राहिला, टिपत राहिला. घरी येऊन आकृत्यांसकट सगळं सुवाच्य लिहून काढलं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात उमेदवारी संपली. दुसऱ्या एका बाइंडरकडे काम मिळालं, पण मन रमेना. त्याआधी त्याने तुमच्या-आमच्यासारखाच एक साधा अर्ज करून पाहिला होता. थेट रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना. मला विज्ञानात कुठलंही काम द्या, हलकं असलं तरी चालेल. उत्तर आलं नाही. (हा अनुभव किती ओळखीचा आहे ना!)

डिसेंबरात त्याने डेव्हीला पत्र लिहिलं आणि सोबत ती बांधलेली वही जोडली. डेव्हीने २४ डिसेंबर १८१२ ला उत्तर दिलं आणि जानेवारीत भेटायला बोलावलं.

आता गोष्ट इथे संपायला हवी, नाही का? तशी ती संपत नाही. डेव्हीने भेटून सांगितलं की जागा रिकामी नाही, तू आपला बाइंडिंगचा धंदा सोडू नकोस. संस्थेचं बाइंडिंगचं काम तुझ्याकडे देऊ, हेही सांगितलं. म्हणजे इतकं करून हाती काय आलं, तर ज्या धंद्यातून सुटायचं होतं त्याचीच आणखी ऑर्डर!

पुढच्याच महिन्यात रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेतल्या विल्यम पेन नावाच्या मदतनिसाने तिथल्या उपकरणं बनवणाऱ्याशी मारामारी केली आणि त्याची नोकरी गेली. डेव्हीने फॅरडेला निरोप धाडला. १ मार्च १८१३ ला नेमणूक झाली. पगार आठवड्याला एक पौंडाहून थोडा जास्त, राहायला वरच्या मजल्यावर दोन खोल्या, शिवाय कोळसा आणि मेणबत्त्या. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १८२५ मध्ये तो त्याच प्रयोगशाळेचा संचालक झाला आणि १८३१ मध्ये त्याने चुंबकापासून वीज निर्माण करून दाखवली.

या गोष्टीचा अर्थ लोक सहसा 'जिद्द असली की सगळं मिळतं' असा लावतात. मला तो पटत नाही. बँक्सला अर्ज केला तेव्हाही जिद्द तेवढीच होती. फरक एवढाच की बँक्सच्या हातात एक विनंती पडली, आणि डेव्हीच्या हातात केलेलं काम पडलं. हा मुलगा लक्षपूर्वक ऐकतो, समजून घेतो, नेटकी आकृती काढतो, हातातलं काम तडीस नेतो, हे सगळं त्या पानांत दिसत होतं. प्रयोगशाळेतल्या मदतनिसाकडून आणखी काय हवं असतं?

नशिबाचा वाटाही नाकारू नये. पेनने हात उगारला नसता तर काय झालं असतं, कोण जाणे. डेव्ही स्वतः लाकडावर कोरीवकाम करणाऱ्याचा मुलगा होता. त्यामुळे त्याला हा लोहाराचा मुलगा दिसला असेल, असंही मला वाटतं. पण जागा रिकामी झाली त्या दिवशी डेव्हीला दुसरं नाव शोधावं लागलं नाही. नाकारलेला अर्ज वाया गेला नव्हता, तो फक्त थांबला होता.

आपल्याकडचा रामानुजनही असाच वह्या काखोटीला मारून नोकरी मागत हिंडला. १९१० मध्ये तो कारकुनाची जागा मागायला डेप्युटी कलेक्टर रामस्वामी अय्यर यांच्याकडे गेला. हे गृहस्थ इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीचे संस्थापक. त्यांनी वही उघडली आणि त्याला कारकून न करता मद्रासच्या गणितज्ञांकडे पाठवलं. १ मार्च १९१२ ला तो मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना ३० रुपयांवर लागला, आणि पुढच्या जानेवारीत हार्डीला ते प्रसिद्ध पत्र गेलं. त्यातही विनंती थोडी आणि प्रमेयं पानोपानी.

मात्र मला सर्वांत जवळची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. फॅरडेला बाइंडिंगच्या धंद्यातून बाहेर पडायचं होतं. पण डेव्हीसमोर तो उभा राहिला तो त्याच धंद्याच्या जोरावर. पुस्तकं वाचायला मिळाली ती दुकानामुळे, तिकिटं मिळाली ती दुकानातल्या गिऱ्हाइकामुळे, आणि टिपणांचं पुस्तक झालं ते सात वर्षं सुई-दोरा चालवलेल्या हातांमुळे.

हे सगळं आठवायचं कारण माझी भाची. आठ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढल्यावर तिला आता लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एखाद्या कंपनीत जायचंय. चाळीसेक अर्ज झाले, तीन उत्तरं आली, तिन्ही नकाराची. परवा तिने मला बायोडेटा दाखवला. वर सहा महिन्यांच्या कोर्सचं प्रमाणपत्र ठळक अक्षरांत, आणि ती आठ वर्षं अगदी तळाला, एका ओळीत. "मामा, त्याचा इथे काय उपयोग?" असं म्हणाली.

मी तिला फॅरडे सांगितला. मग म्हटलं, लॅबमध्ये नमुना आल्यापासून रिपोर्ट पेशंटच्या हातात पडेपर्यंत कुठे कुठे घोळ होतात आणि सॉफ्टवेअर तिथे काय करू शकेल, एवढंच दोन पानांत लिही. आकृतीसकट. ते कंपनीतल्या लोकांना खुर्चीत बसून कळणार नाही, तुला झोपेतही सांगता येईल. आणि ही पानं अर्जाला जोड.

नोकरी मिळेलच असं मी तिला सांगितलेलं नाही. फॅरडेलाही पहिल्यांदा नाहीच म्हटलं होतं, हे मात्र दोनदा सांगितलं. काल रात्री फोन आला, दोनाची पाच पानं झाली आहेत आणि अजून संपत नाहीये म्हणे. आवाजात बऱ्याच महिन्यांनी उत्साह होता.

तुमच्यापैकी कुणी असा काही वेगळा अर्ज केला असेल, तर जरूर सांगा. तिलाही वाचून दाखवीन.