नर पाहिल्याशिवाय ऑलिगोटोमा म्हणू नका

शिरूर-दौंड भागात कडुनिंबाच्या किंवा आंब्याच्या खडबडीत सालीवर पांढरट रेशमी नळ्या दिसल्या की लोक ‘वाळवी’ म्हणून मोकळे होतात. वाळवी माती लिंपते, रेशीम विणत नाही. पण मला खोडायचं आहे ते जाणकारांचं मत. नळ्या विणणारा हा वेबस्पिनर, म्हणजे एम्बिऑप्टेरा गणातला कीटक आहे, हे त्यांना अचूक कळतं. मात्र पुढच्याच दमात ते त्याची प्रजाती (genus) सांगतात, ऑलिगोटोमा.

त्यांची बाजू कच्ची नाही. वेस्टवुडने १८३७ साली स्थापलेल्या या प्रजातीच्या काही जाती व्यापाराबरोबर जगभर पसरल्या. सोस्यूरने १८९६ साली वर्णिलेली ऑलिगोटोमा हंबर्टियाना श्रीलंकेत आणि भारतात सापडते. अंदाज बहुतेक वेळा खराही ठरेल. तरी तो अंदाजच. अ‍ॅपोस्थोनिया ही त्याच कुलातली प्रजातीही भारतात आहे. शिवाय एम्बिइडी हे वेगळं कुलही इथलंच. त्यातली एम्बिया मेजर ही जाती इम्सने १९१३ साली कुमाऊँच्या हिमालयातून वर्णिली.

नळी उकलली की हाती लागतात त्या बहुधा माद्या आणि पिल्लं. पुढच्या पायाच्या फुगीर पेरात रेशीमग्रंथी असतात आणि पिल्लंसुद्धा त्यातूनच विणतात. मादीला कधीच पंख नसतात, आणि निरनिराळ्या प्रजातींच्या माद्या दिसायला जवळजवळ सारख्या. त्यांच्या फोटोवरून प्रजाती ठरवणं मला मान्य नाही.

मग पंखांवरून? नराच्या पंखातली एक शीर ऑलिगोटोमाच्या कुलात सरळ जाते, एम्बिइडीत बहुधा दुभागते. खूण उपयोगी आहे, पण कोरड्या प्रदेशांत अनेक वेगवेगळ्या शाखांतल्या नरांनी पंख गमावले आहेत. तिथे ही कसोटी लंगडी पडते. आणि शीर पाहून कुल कळलं, तरी ऑलिगोटोमा की अ‍ॅपोस्थोनिया हा प्रश्न उरतोच.

त्याचं उत्तर नराच्या पोटाच्या टोकाशी आहे: तिथले असमान फाटे, आकडे आणि डावी पुच्छिका. एडवर्ड रॉस यांनी आयुष्यभर या गणाचं वर्गीकरण केलं, ते मुख्यतः याच अवयवांच्या आधारे.

तेव्हा सालीचा तुकडा दगडफुलासकट बरणीत ठेवावा, किंचित ओल राखावी आणि नर प्रौढ होईपर्यंत थांबावं. प्रौढ नर खात नाही आणि फार जगत नाही, म्हणून बरणी रोज पाहावी. तो मिळाला की अल्कोहोलमध्ये ठेवून गाव, झाड आणि तारखेची चिठ्ठी आत टाकावी. पुढे टोकाचा भाग कॉस्टिक पोटॅशमध्ये पारदर्शक करून सूक्ष्मदर्शकाखाली बघावा. नर मिळालाच नाही, तर चिठ्ठीवर ‘एम्बिऑप्टेरा, मादी’ एवढंच लिहावं.