ख्रिस्तागमन

येशू ख्रिस्ताचा मनुष्यदेहाने झालेला जगातील प्रवेश, युगान्ती अपेक्षित असलेले त्याचे पुनरागमन, आणि या दोहोंच्या मधल्या काळात श्रद्धावंताच्या जीवनात त्याचे नित्य घडणारे येणे, या तिहींना मिळून ख्रिस्ती धर्मविचारात ही संज्ञा लावतात. आणि याच तिहींच्या स्मरणासाठी व प्रतीक्षेसाठी पाश्चात्त्य परंपरेतील मंडळ्यांनी नाताळापूर्वीचे चार रविवार नेमून दिले असून त्या पर्वास आगमनकाल म्हणतात. आचारधर्माच्या दृष्टीने विषयाचे मर्म एका प्रश्नात आहे. ज्याचा धनी एकदा येऊन गेला आहे आणि पुन्हा यावयाचा आहे, त्या सेवकाने दरम्यानच्या मुदतीत कारभार कसा चालवावा? तिहींपैकी एकच आगमन सुटे काढून त्यावर सर्व जीवन उभारू पाहणाऱ्यांच्या हातून या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ हटकून बिघडत आले आहे, असे ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासावरून दिसते.

आगमनकालाची सर्वांत जुनी चिन्हे रोमेपेक्षा स्पेन व गॉल या प्रांतांत आढळतात. सारागोसा येथे ३८० च्या सुमारास भरलेल्या धर्मसभेने १७ डिसेंबरपासून ६ जानेवारीपर्यंतच्या तीन आठवड्यांत कोणीही उपासनेस गैरहजर राहू नये, असा ठराव केला. तूरचे बिशप पेर्पेतुउस यांनी पाचव्या शतकात संत मार्टिनच्या सणापासून, म्हणजे ११ नोव्हेंबरपासून, नाताळापर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास करण्याचा प्रघात पाडला. आणि सहाव्या शतकात माकोंच्या धर्मसभेने त्यास नियमाचे रूप दिले. रोमेत पर्व मागाहून रुजले आणि चार रविवारांची व्यवस्था सामान्यतः पोप पहिले ग्रेगरी (पोपपद ५९०–६०४) यांच्याकडे दिली जाते. मिलानच्या अँब्रोसी परंपरेत ते आजही सहा आठवड्यांचे आहे, तर पूर्वेकडील बिझंटाइन मंडळ्या १५ नोव्हेंबरपासून चाळीस दिवसांचा उपवास पाळतात. पाश्चात्त्य गणनेप्रमाणे ३० नोव्हेंबर या संत अंद्रियाच्या दिवसास सर्वांत जवळचा रविवार तो आगमनाचा पहिला रविवार होय, आणि तेथूनच उपासनावर्षाचा प्रारंभ होतो.

या पर्वाच्या वाचनक्रमातील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. रोमन परंपरेत वर्षाच्या पहिल्या रविवारी शुभवर्तमानातून वाचला जाणारा उतारा येशूच्या जन्माशी संबंध नसलेला, जगाच्या शेवटाचा व जागृतीच्या आज्ञेचा असतो. दुसऱ्या व तिसऱ्या रविवारी बाप्तिस्मा करणारा योहान पुढे येतो. आणि चौथ्या रविवारी कोठे मरिया व योसेफ यांची गाठ पडते. म्हणजे काळाचा ओघ शेवटापासून मागे जातो. नवख्यास ही उलटी रचना चमत्कारिक वाटते; परंतु न्यायाधीशाची गाठ घेतल्यावाचून पाळण्यातल्या बालकापाशी कोणी जाऊ नये, कारण ती दोन्ही एकच व्यक्ती आहे, एवढी गोष्ट कोणत्याही प्रवचनाहून चांगली शिकवण्याचे सामर्थ्य या साध्या क्रमात आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. पहिल्या रविवारच्या जुन्या वाचनांत रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायातील, रात्र सरत आली असून अंधाराची कृत्ये टाकून द्यावीत असे सांगणारा उतारा असे. ३८६ मध्ये मिलान येथील बागेत ऑगस्टिन यांची दृष्टी ज्या वचनांवर पडून त्यांच्या आयुष्याची दिशा पालटली, ती याच उताऱ्यातील होत.

वाट पाहणे म्हणजे काय, याचे सर्वांत रोखठोक विवरण योहानाच्या तोंडी आले आहे. यशयाच्या ग्रंथात बाबेलमधील बंदिवानांना धीर देण्यासाठी आलेली प्रतिमा, अरण्यात परमेश्वराचा मार्ग सिद्ध करावा, खोरी भरून काढावीत, डोंगर सपाट करावेत, ही योहानाने आपल्या काळास लावली. आणि बड्या साहेबाचा दौरा ठरताच तालुक्याचे रस्ते एकाएकी दुरुस्त होऊ लागतात हे ज्याने पाहिले आहे, त्यास ती समजावून सांगण्याचे कारण नाही. परंतु लूककृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात लोक आपले कर्तव्य विचारू लागतात, तेव्हा योहान जी उत्तरे देतो त्यांत अरण्याचा मागमूसही उरत नाही. ज्याच्यापाशी दोन अंगरखे असतील त्याने एक, ज्यास मुळीच नाही त्यास द्यावा, व अन्नाचेही तसेच करावे. जकातदारांनी ठरवून दिलेल्या रकमेहून अधिक वसुली करू नये. शिपायांनी धाकदपटशाने वा खोटे आळ घेऊन कोणाचे पैसे उकळू नयेत आणि आपल्या पगारात समाधान मानावे. जकातदारास नाके सोडण्यास किंवा शिपायास शस्त्र टाकण्यास तो सांगत नाही, यास्तव ही शिकवण फारच मवाळ आहे असा आक्षेप घेतला जातो, व तो अगदीच पोकळ नव्हे. तथापि, येणाऱ्या राजाचे स्वागत दप्तरात, नाक्यावर आणि कोठारात करावयाचे आहे, हे जितके त्या काळच्या यहूदी जकातदारास तितकेच आजच्या सरकारी नोकरास, सावकारास व धान्याच्या व्यापाऱ्यास लागू पडते. आणि नाताळाचे पाळणे गाणाऱ्या मंडळ्यांत या उत्तरांवर प्रवचन सहसा ऐकू येत नाही, हे सांगणे भाग आहे.

येशूची स्वतःची या विषयावरील शिकवण मत्तयाच्या चोविसाव्या व पंचविसाव्या अध्यायांत एकत्र आली आहे. घरधन्याला उशीर झाला म्हणून बरोबरीच्या चाकरांना मारहाण करणारा कारभारी, दिव्यांबरोबर तेल न घेता गेलेल्या पाच कुमारी, मिळालेले भांडवल जमिनीत पुरून ठेवणारा दास, या सर्वांचा दोष एकच आहे: धनी दूर आहे, या समजुतीने त्यांनी मधला काळ हिशेबाबाहेरचा मानला. शेवटच्या देखाव्यात मात्र विचार एक पाऊल पुढे जातो. तेथे न्यायासनावर बसलेला राजा भुकेला, परका, उघडा, आजारी व कैदी या रूपांत आधीच येऊन गेला असल्याचे उघडकीस येते, आणि ज्यांनी त्याची सेवा केली त्यांनाही ही गोष्ट ठाऊक नव्हती, ज्यांनी केली नाही त्यांनाही नव्हती. दोन्ही पक्षांचे हे अज्ञान त्या उताऱ्याचा गाभा होय. ओळख पटवून मग दान करण्याची सोयच राजाने ठेवलेली नाही.

पहिल्या पिढीतील ख्रिस्तीजनांस पुनरागमन इतके निकट वाटे की, थेस्सलनीकाच्या मंडळीत काहींनी कामधंदा सोडून दिला. पौल, जो स्वतः तंबू शिवून पोट भरी, त्याच्या नावाने त्या मंडळीस गेलेल्या दुसऱ्या पत्रात जो काम करू इच्छीत नाही त्याने खाऊही नये, असा कडक निर्बंध घातलेला आहे. हा रोग पुढेही वरचेवर उफाळला. अमेरिकेतील विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी दानिएलाच्या ग्रंथावरून गणित मांडून अखेरीस २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख मुक्रर केली, काहींनी शेतांतील उभी पिके कापली नाहीत, आणि तो दिवस इतर दिवसांसारखा मावळला. अशा गणितांना खरे उत्तर चौदाशे वर्षांपूर्वीच मिळालेले होते. सलोनाचे बिशप हेसिखिउस यांना ४१९ च्या सुमारास लिहिलेल्या दीर्घ पत्रात ऑगस्टिन यांनी तीन सेवक कल्पिले: एक म्हणतो प्रभू लवकर येईल, दुसरा म्हणतो उशिरा येईल, तिसरा आपणास ठाऊक नाही असे कबूल करतो, तिघेही जागे राहून प्रभूची वाट पाहतात, पण चुकण्याचा धोका तिसऱ्यास सर्वांत कमी. याच्या उलट टोकास, एकोणिसाव्या शतकातील उदारमतवादी प्रॉटेस्टंट विद्वानांनी पुनरागमनाची अपेक्षा जवळजवळ बाजूस सारून देवाचे राज्य म्हणजे मानवजातीची नैतिक प्रगती, असे समीकरण बांधले. १९१४ च्या महायुद्धाने ते मोडून टाकले.

दोन आगमनांचा भेद जुनाच आहे. जेरूसलेमचे सिरिल यांनी चौथ्या शतकात बाप्तिस्मार्थींना दिलेल्या पाठांत तो स्पष्ट मांडला. तिसऱ्याची, किंबहुना मधल्याची, व्यवस्थित मांडणी बाराव्या शतकात क्लेर्व्होचे मठाधिपती बर्नार्ड यांनी आपल्या आगमनकालीन प्रवचनांत केली. पहिले येणे देहाने व दुर्बलतेत, शेवटचे वैभवाने सर्वांदेखत, आणि मधले गुप्त, आत्म्याने व सामर्थ्याने. हे मधले येणे पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत नेणारा मार्ग आहे, आणि प्रभूचे वचन पाळणाऱ्याच्या ठायी ते घडते, असे त्यांचे म्हणणे. प्रभुभोजनाच्या विधीत ही तिन्ही येणी एकवटतात, कारण पौलाच्या सांगण्याप्रमाणे ती भाकर खाणारे प्रभूच्या मृत्यूची घोषणा करतात, व तीही तो येईपर्यंत.

विसाव्या शतकात या विचारास नवे तेज आले ते काही अंशी तुरुंगांतून. जर्मन धर्मपंडित डीट्रिख बोनहॉफर यांनी नोव्हेंबर १९४३ मध्ये बर्लिनच्या टेगेल तुरुंगातून मित्रास लिहिले की, तुरुंगाची खोली हे आगमनकालाचे वाईट चित्र नव्हे, कारण तिचे दार बाहेरूनच उघडावे लागते; त्याच तुरुंगात वर्षभराने येशूसंघीय आल्फ्रेड डेल्प यांनी बेड्या घातलेल्या हातांनी आगमनकालावरील चिंतनिका लिहिल्या. डेल्प यांस २ फेब्रुवारी १९४५ रोजी व बोनहॉफर यांस त्याच वर्षी ९ एप्रिलला नाझी राजवटीने फाशी दिले. दोघेही मुक्ती बाहेरून येणार म्हणून हात जोडून बसलेले नव्हते. बोनहॉफर त्या राजवटीविरुद्धच्या कटात सामील होते आणि डेल्प युद्धोत्तर समाजरचनेची आखणी करणाऱ्या वर्तुळात. युद्धानंतर १९५४ मध्ये अमेरिकेतील एव्हन्स्टन येथे भरलेल्या जागतिक चर्च परिषदेच्या दुसऱ्या अधिवेशनाचा विषय जगाची आशा ख्रिस्त हा होता. त्यावर भडकलेला वाद उद्बोधक आहे: युरोपीय प्रतिनिधींचा भर युगान्तीच्या पुनरागमनावर, तर अमेरिकन प्रतिनिधींचा वर्तमान समाजकार्यावर, आणि दोघांसही दुसरा पक्ष अर्धा धर्म सांगत आहे असे वाटे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी प्रसृत केलेल्या आधुनिक जगाविषयीच्या घटनालेखाच्या ३९ व्या परिच्छेदात या वादास मध्यम तोड काढली. ऐहिक प्रगती आणि देवाचे राज्य यांची गल्लत करू नये, पण नव्या पृथ्वीच्या अपेक्षेने या पृथ्वीची काळजी सौम्य न होता वाढावी, असे तेथे सांगितले आहे.

बाह्याचारांपैकी जांभळी वस्त्रे व तिसऱ्या रविवारची गुलाबी छटा सर्वपरिचित आहेत. चार मेणबत्त्यांचे आगमनचक्र पुष्कळ अर्वाचीन असून त्याचा उगम देवळाबाहेरचा आहे: हाम्बुर्गमधील दरिद्री मुलांसाठी आश्रम चालविणारे योहान हिन्रिख विखर्न यांनी १८३९ मध्ये एका गाडीच्या चाकावर रविवारांसाठी चार मोठ्या व इतर दिवसांसाठी लहान मेणबत्त्या लावून मुलांस दिवस मोजावयास शिकविले. उपवास मात्र पश्चिमेत लोपला. १९८३ च्या रोमन कॅथलिक विधिसंहितेत प्रायश्चित्ताचे काळ म्हणून शुक्रवार व ईस्टरपूर्व उपवासकाल एवढेच नमूद आहेत. आगमनकालातील उपवासाची जागा डिसेंबरच्या पहिल्या दिवसापासून सुरू होणाऱ्या नाताळाच्या गजबजाटाने घेतली, ही पाळकांची तक्रार जगभर सारखीच आहे.

मराठी वाङ्मयात या विषयाची पहिली थोर मांडणी फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांच्या ख्रिस्तपुराणात आढळते. १५७९ मध्ये गोव्यास आलेल्या या इंग्रज येशूसंघीयाने साष्टीतील नवख्रिस्ती लोकांसाठी रचलेला हा ओवीबद्ध ग्रंथ १६१६ मध्ये राशोल येथे छापला गेला. त्याच्या दोन भागांपैकी पहिले पुराण, ३६ अवस्वरूंचे (अध्यायांचे), विश्वोत्पत्तीपासून तारकाच्या जन्मापूर्वीपर्यंत केवळ प्रतीक्षेची कथा सांगते, व ५९ अवस्वरूंचे दुसरे पुराण आगमनाची. एक तृतीयांशाहून अधिक ग्रंथ वाट पाहण्यास देणाऱ्या या कवीने आगमनकालाचे प्रमाण आजच्या मंडळ्यांपेक्षा नीट ओळखले होते. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायाचा अर्थ आचरणात पाहावयाचा असल्यास पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या केडगाव येथील संस्थेकडे वळावे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात हिंडून त्यांनी निराधार मुली व विधवा तेथे आणल्या, आणि पुढील गुजरातच्या दुष्काळातही तेच केले. त्याच संस्थेच्या छापखान्याच्या आश्रयाने त्या पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचे काम आयुष्याच्या अखेरीपर्यंत करीत राहिल्या.

उपासनावर्षाच्या हिशेबात महाराष्ट्राची आणखी एक तारीख नोंदविण्यासारखी आहे. २९ नोव्हेंबर १९७०, आगमनकालाचा पहिला रविवार, या दिवशी नागपूर येथे अँग्लिकन, बाप्टिस्ट, मेथडिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल परंपरेची संयुक्त मंडळी अशा सहा मंडळ्या चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या नावाने एक झाल्या.