आकाशयानांच्या कक्षा : पडद्यावरच्या आणि खऱ्या

आकाशयानांच्या ज्या कथा दूरचित्रवाणीवर दाखवितात, त्यांत एक प्रसंग हटकून येतो. यानाचें एंजिन बंद पडतें, आणि घाटांत ब्रेक निकामी झालेल्या मोटारीप्रमाणें तें ग्रहाकडे घसरूं लागतें. 'स्टार ट्रेक' या अमेरिकन मालिकेच्या १९६७ सालीं दाखविलेल्या 'कोर्ट मार्शल' या भागांत हेंच घडलें. एंजिनें थांबविलीं मात्र, कक्षा ढासळूं लागली !

चंद्राला कोणतें एंजिन आहे ? न्यूटननें उंच पर्वतावरून आडव्या डागलेल्या तोफगोळ्याचें उदाहरण दिलें आहे. वेग पुरेसा असेल तर गोळा सारखा पडतच राहतो, पण खालची वाटोळी पृथ्वीहि तितकीच वळत जाते. म्हणून तो जमिनीला कधींच टेकत नाहीं. ४०० किलोमीटर उंचीवर हा वेग सेकंदाला सुमारें पावणेआठ किलोमीटर लागतो. मी स्वतः वर्गांत कित्येक वर्षें 'वर गुरुत्वाकर्षण नसतें, म्हणून अंतराळवीर तरंगतात' असें सांगत होतों. एका विद्यार्थ्यानें 'मग चंद्र निसटून कां जात नाहीं ?' असें विचारलें, तेव्हां मला हातांतला खडू खालीं ठेवावा लागला. त्या उंचीवरहि जवळजवळ नऊदशांश गुरुत्वाकर्षण शिल्लक असतें. यान आणि माणूस बरोबरच पडत असतात, इतकेंच.

कथालेखक अगदींच खोटें बोलतात असें मात्र नाहीं. विरळ हवेच्या घर्षणानें कक्षा खरोखर खालावते. 'स्कायलॅब' मधील शेवटचे अंतराळवीर फेब्रुवारी १९७४ मध्यें परतले. सूर्याच्या वाढत्या क्षोभानें वरची हवा फुगली, आणि ११ जुलै १९७९ रोजीं तें कोसळलें. पांच वर्षें लागलीं. कथेंत घटकाभरांत आटोपतें!

पाठलागाची गोष्ट अधिक मौजेची आहे. जून १९६५ मध्यें 'जेमिनी ४' च्या मॅकडिव्हिट यांनीं आपल्याच अग्निबाणाच्या रिकाम्या टप्प्याकडे नाक करून सरळ जोर लावला, आणि इंधन जळालें तरी गांठ पडेना. पुढच्यास गांठण्यासाठीं वेग वाढविला कीं यान उंच कक्षेंत चढतें, तेथें फेरीला अधिक वेळ लागतो, आणि तें उलट मागें पडतें. गांठायचें असेल तर आधीं खालीं उतरावें लागतें ! त्याच वर्षीं डिसेंबरांत 'जेमिनी ६' नें खालच्या, जलद कक्षेंतून येऊन 'जेमिनी ७' ला फूटभर अंतरापर्यंत गांठलें. पडद्यावरचे वीर मात्र त्यानंतरहि नाक रोखूनच धांवत राहिले.

२०१५ सालीं सुरू झालेल्या 'दि एक्स्पान्स' मध्यें यानें अर्ध्या वाटेवर उलटीं फिरून एंजिनाच्या जोरानेंच वेग कमी करतात. रिकाम्या अवकाशांत ब्रेक लागत नाहीं, याची आठवण तेथील लेखकांनीं ठेवली आहे.