तांब्याच्या खाणींसाठी समुद्राचे पाणी

तांब्याचे उत्पादन करणाऱ्या देशांत दक्षिण अमेरिकेतील चिलीचा क्रमांक पहिला लागतो. मात्र या देशातील अनेक मोठ्या खाणी अटाकामा या जगातील अत्यंत कोरड्या वाळवंटात आहेत. तेथे पाऊस जवळजवळ पडतच नाही. अँडीज पर्वतराजीच्या पायथ्याशी साठलेले भूजल हाच गोड्या पाण्याचा मुख्य आधार. त्याच भूजलावर वाळवंटातील पाणथळ जागा, त्यांत वावरणारे रोहित पक्षी आणि तेथील मूळ रहिवाशांची शेती व गुरे अवलंबून आहेत. साहजिकच खाणींची तहान भागवण्यासाठी या देशाला समुद्राकडे वळावे लागले.

खाणीला पाणी का लागते?

आजच्या खाणींतील एक टन खडकात बहुधा दहा किलोपेक्षाही कमी तांबे असते. ते वेगळे करण्यासाठी खडक दळून पिठासारखा बारीक केला जातो व पाण्यात कालवला जातो. या लगद्यात झँथेट वर्गातील रसायने मिसळली, की तांब्याच्या खनिजकणांना पाणी धरत नाही. मग तळातून हवा सोडली जाते. खनिजाचे कण बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतात आणि निरुपयोगी दगडाची भुकटी खाली राहते. 'फेनप्लवन' या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत विसाव्या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियातील ब्रोकन हिल येथील खाणींत व्यापारी प्रमाणावर रुजली. आज जगातील बराचसा तांबे, शिसे व जस्ताचा पुरवठा तिच्यावर अवलंबून आहे. लगद्यातील बरेचसे पाणी पुन्हा वापरता येते. पण टाकाऊ गाळाबरोबर जाणारे आणि उन्हाने उडून जाणारे पाणी सतत भरून काढावे लागते.

मिठाचा उपकार आणि अपकार

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. या क्षारांमुळे बुडबुडे एकमेकांत सहज मिसळत नाहीत. ते लहान व टिकाऊ राहतात. त्यामुळे फेस निर्माण करणारे रसायन कमी लागू शकते. फेनप्लवनाच्या दृष्टीने हा फायदाच आहे.

अडचण येते ती पायराइटमुळे. लोह व गंधकाचे हे खनिज तांब्याच्या खनिजाबरोबरच वर तरंगू पाहते. त्याला खाली दाबण्यासाठी लगद्यात चुना घालून त्याचा सामू १०.५ ते ११ पर्यंत चढवण्याचा प्रघात आहे. गोड्या पाण्यात हे सोपे असते. समुद्राच्या पाण्यात मात्र प्रतिलिटर सुमारे १.३ ग्रॅम मॅग्नेशियम असते. सामू १० च्या आसपास पोहोचला, की हे मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडच्या रूपाने साक्याप्रमाणे बाहेर पडू लागते. घातलेला चुना त्यातच खर्ची पडतो आणि तो कित्येक पट अधिक लागतो. शिवाय या साक्याचे सूक्ष्म कण तांब्याच्या, आणि विशेषतः मॉलिब्डेनमच्या, खनिजावर बसतात. मग ते खनिज बुडबुड्यांना नीट चिकटत नाही. मॉलिब्डेनम हा तांब्याबरोबर मिळणारा मौल्यवान जोडधातू असल्याने हे नुकसान दुहेरी ठरते.

यावर दोन प्रकारचे उपाय आहेत. सामू फारसा न चढवता, समुद्राच्या स्वाभाविक ८ च्या आसपास ठेवून, पायराइट दाबण्यासाठी सोडियम मेटाबायसल्फाइटसारखी अन्य रसायने वापरणे हा एक. मॅग्नेशियम आधीच काढून टाकणे हा दुसरा. याखेरीज मिळालेली खनिजभुकटी शेवटी गोड्या पाण्याने धुवावी लागते. कारण क्लोराइड पुढे धातू गाळण्याच्या भट्टीला त्रासदायक ठरते. नळ, पंप व टाक्या गंजण्याचा प्रश्न आहेच.

खारे की गोडे करून?

चिलीत दोन्ही मार्ग चोखाळले गेले आहेत. तालताल शहरानजीकचा लास लुसेस हा प्रक्रिया कारखाना १९९० च्या दशकापासून समुद्राचे पाणी वापरत आहे. २०११ च्या सुमारास उत्पादनात आलेल्या एस्पेरांसा खाणीने, जी आता सेंतिनेला संकुलाचा भाग आहे, हेच मोठ्या प्रमाणावर केले. तेथे सुमारे १४५ किलोमीटर लांबीच्या नळातून समुद्राचे पाणी २,००० मीटरहून अधिक उंचीवर नेले जाते. त्यातील थोडाच भाग गोडा केला जातो. एस्कोंदिदा या जगातील सर्वांत मोठ्या तांबेखाणीने मात्र सुमारे ३.४ अब्ज डॉलर खर्चून सेकंदाला २,५०० लिटर क्षमतेचा निःक्षारीकरण प्रकल्प उभारला. तो २०१७-१८ मध्ये सुरू झाला. तेथून पाणी सुमारे १८० किलोमीटर दूर व ३,००० मीटरहून अधिक उंचीवर चढवले जाते. त्यानंतर, २०१९ च्या अखेरीस, या खाणीने अँडीजमधील जलधरांतून होणारा उपसा थांबवला.

निःक्षारीकरण महाग म्हणून खारेच पाणी वापरावे, असे वरकरणी वाटते. पण विजेचा हिशेब वेगळा आहे. एक हजार लिटर समुद्राचे पाणी गोडे करण्यास साधारण तीन ते चार युनिट वीज लागते. तेच पाणी ३,००० मीटर उंच चढवण्यास भौतिकशास्त्राच्या नियमानुसारच किमान आठ युनिट लागतात. पंपांतील व नळांतील तूट धरली, तर हा आकडा दहाच्या पुढे जातो. म्हणजे खाण जितकी उंचावर, तितका मीठ काढण्याचा खर्च एकूण खर्चात गौण ठरतो. खाण किनाऱ्याजवळ, कमी उंचीवर आणि धातुकात पायराइट कमी असेल, तर खारे पाणी परवडते. उंचावरच्या, मॉलिब्डेनमयुक्त धातुकाला गोडे केलेले पाणी अधिक सोयीचे होऊ शकते.

पर्यावरणाच्या दृष्टीनेही दोन्ही मार्ग निर्दोष नाहीत. निःक्षारीकरणातून उरणारे अतिखारट पाणी समुद्रात सोडले जाते आणि ते नीट पसरले नाही तर किनाऱ्यालगतच्या जीवसृष्टीला बाधू शकते. खारे पाणी वापरले, तर गाळाच्या तलावातून होणारी गळती भूजल खारवू शकते. वाळवंटातील भूजल राखण्याचा मोबदला अशा रीतीने वीज, रसायने व किनाऱ्यावरील दक्षता या रूपांत द्यावा लागतो. तथापि एकदा उपसलेला जलधर अटाकामात पुन्हा भरून येण्यास फार मोठा काळ लागतो. खर्च वाढूनही तेथील खाणी समुद्राकडे वळत आहेत, त्यामागे हेच मोठे कारण आहे.