वीक्सेरुंत



लॅटिन मी शाळेत शिकलो नाही. युनियनच्या कचेरीत, दिवसाचे तंटे मिटल्यावर, एका जुन्या व्याकरणातून शिकलो. त्यात शिकणाऱ्याला सर्वांत छळते ते अनियमित क्रियापदांच्या पूर्णभूतकाळाचे प्रकरण. 'फेरो' म्हणजे मी वाहतो. पण 'मी वाहिले' म्हणायचे तर 'तुली'. 'सुम' म्हणजे मी आहे; त्याचे 'फुई'. यात भिण्यासारखे काही नाही. 'जातो'चे 'गेला' आपण रोजच करतो. एक रूप 'या' धातूचे, दुसरे 'गम्'चे. शिवाय लॅटिनमध्ये वेडेवाकडे असते ते फक्त अंग. ते पाठ झाले की पुढचे प्रत्यय सर्वांना सारखेच.

'वीवो', मी जगतो, हा आपल्या 'जीव्'चा सोयरा. पूर्णभूतात त्याचे अंग 'वीक्स्' होते. वीक्सी, मी जगलो. वीक्सेराम, मी जगलो होतो. वीक्सेरुंत, ते जगले.

हे शेवटचे रूप इतिहासात गाजले. इ. स. पू. ६३ मध्ये कातिलीना कर्जमाफीचे आश्वासन देऊन एत्रुरियात बंडाला उभा होता. रोममध्ये पकडलेल्या त्याच्या पाच साथीदारांचा प्रश्न ५ डिसेंबरला सेनेटपुढे आला. सीझर म्हणाला, मालमत्ता जप्त करा, कैदेत ठेवा, पण मारू नका. कातोने देहान्ताचा आग्रह धरला आणि सभा त्याच्यामागे गेली. लोकांच्या संमतीवाचून नागरिकाला देहान्त देऊ नये, असा गायस ग्राकसचा इ. स. पू. १२३ चा कायदा होता. तो बाजूला राहिला. त्याच संध्याकाळी तुरुंगात पाचांचे गळे आवळले गेले आणि कॉन्सल सिसेरोने बाहेरच्या गर्दीला एकच शब्द सांगितला : वीक्सेरुंत.

प्लूटार्क म्हणतो, रोमन लोक अशुभ शब्द टाळण्यासाठी असे बोलत. खरेच असेल. आपणही 'मेला' न म्हणता 'गेला' म्हणतो, बांगडी 'फुटली' न म्हणता 'वाढवली' म्हणतो. पण चौकशीवाचून बडतर्फी म्हणजे काय, हे ज्याने वर्षानुवर्षे पाहिले त्याला आणखी काही दिसते. 'मारले' म्हटले की 'कोणी?' हा प्रश्न उठतो. 'जगले' म्हटले की वाक्याचा कर्ता मेलेला माणूसच!

तो प्रश्न पाच वर्षांनी उठलाच. इ. स. पू. ५८ मध्ये क्लोदियसने कायदा आणला : खटल्याविना नागरिकाला मारणाऱ्यास पाणी आणि विस्तव बंद. सिसेरो रोम सोडून गेला. पुढल्या वर्षी तो परतला, तेव्हा त्याचे पाडलेले घर होते त्या जागी स्वातंत्र्यदेवतेचे देऊळ उभे होते.