सध्या काय ऐकता?
जॅझ रसिकांची श्रवणयात्रा : ताजमहाल हॉटेलपासून विष्णुपुरीपर्यंत

जॅझचे दोन रसिक एकत्र आले की कुशल विचारून होताच पहिला प्रश्न येतो तो 'सध्या काय ऐकता?' हा. याचे उत्तर सहसा एखाद्या गाण्याच्या नावाने दिले जात नाही. संपूर्ण अल्बमचे नाव सांगितले जाते आणि पाठोपाठ तो कोणत्या वर्षीचा, ड्रम्सवर कोण, पियानोवर कोण, हेही सांगितले जाते. मैफलीची आठवण काढताना 'तबल्यावर कोण होते?' असे विचारणाऱ्या मराठी श्रोत्याला ही सवय परकी वाटू नये. दोन्ही संगीतांत रचनेपेक्षा त्या दिवशी ती कशी फुलली यालाच महत्त्व असते.

तबकड्यांचा काळ

महाराष्ट्रात ही आवड रुजली ती मुंबईत. १९३५ साली व्हायोलिनवादक लिऑन अ‍ॅबी आपल्या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांसह ताजमहाल हॉटेलात आले. त्यांच्यानंतर पियानोवादक टेडी वेदरफर्ड यांनीही तेथे वाद्यवृंद चालविला. या मंडळींच्या सहवासात अनेक गोमंतकीय वादक घडले. ट्रम्पेटवादक अँटोनिओ झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट हे त्यांतील अग्रगण्य नाव होय.

पुणतांब्यात जन्मलेले संगीतकार सी. रामचंद्र यांनी याच चिक चॉकलेट यांना हाताशी घेतले. मास्टर भगवान यांच्या 'अलबेला' (१९५१) या चित्रपटात चिक चॉकलेट आणि त्यांचा वाद्यवृंद पडद्यावरही दिसतो. म्हणजेच जॅझचे नावही न ऐकलेल्या हजारो मराठी घरांत त्याची लय त्याच सुमारास पोहोचली होती. मात्र चित्रपटगीतांच्या तबकडीवर गायक आणि संगीतकार यांची नावे छापली जात. वादक बहुधा अनामच राहत.

स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले आणि परदेशी तबकडी ही दुर्मीळ वस्तू ठरली. परदेशाहून येणाऱ्या परिचिताने एखादी आणली, तर ती मित्रमंडळींनी एकत्र बसून ऐकायची, हाच मार्ग होता. १९५५ पासून 'व्हॉइस ऑफ अमेरिका'वर विलिस कोनोव्हर यांचा जॅझचा कार्यक्रम लघुलहरींवर ऐकता येऊ लागला. १९५० च्या दशकाच्या आरंभी मुंबईतून 'ब्लू ऱ्हिदम' हे जॅझला वाहिलेले नियतकालिक निघाले. ते काढणाऱ्यांपैकी निरंजन झवेरी यांनीच पुढे १९७८ मध्ये 'जॅझ यात्रा' हा महोत्सव उभा केला. पहिल्याच यात्रेत सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स मुंबईत वाजवून गेले. तबकडीभोवती जमणाऱ्या मोजक्या रसिकांच्या हौसेतून एवढे कार्य झाले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

काफीच्या कानाने

नव्या श्रोत्याने सुरुवात कोठून करावी? या प्रश्नावर बहुतेक जाणकार माइल्स डेव्हिस यांच्या 'काइंड ऑफ ब्लू' (१९५९) या अल्बमकडे बोट दाखवितात. त्यातील 'सो व्हॉट' या पहिल्या रचनेची स्वरावली आपल्या काफी थाटाशी जुळते. गंधार आणि निषाद कोमल, बाकीचे स्वर शुद्ध. बत्तीस मापांच्या आवर्तनात पहिली सोळा मापे हा थाट एका षड्जावर चालतो, पुढील आठ मापे षड्ज अर्ध्या स्वराने वर सरकतो आणि शेवटच्या आठ मापांत मूळ जागी परततो. सुरुवातीला बास एक वाक्य बोलतो आणि पियानो दोन ठोक्यांत त्याला उत्तर देतो. हे सरकणे आणि परतणे एकदा कानाला कळले की प्रत्येक वादक त्याच चौकटीत वेगळे काय बोलतो, हे उलगडू लागते.

डेव्ह ब्रुबेक चौकडीचा 'टाइम आउट' (१९५९) लयीच्या अंगाने ऐकावा. त्यातील 'टेक फाइव्ह' पाच मात्रांची आहे. झपतालाच्या अर्ध्या आवर्तनाइतक्याच मात्रा, परंतु वजन दोन-तीन असे न पडता तीन-दोन असे पडते. टाळी देऊन पाहिल्यास हा फरक लगेच जाणवतो.

एका नावाकडून दुसऱ्याकडे

अल्बमवरील वादकांची नावे ही पुढच्या श्रवणाची वाट असते. 'काइंड ऑफ ब्लू'मधील सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांचा माग काढला की 'अ लव्ह सुप्रीम' (१९६५) ही चार भागांची प्रार्थनाच हाती येते. पंडित रविशंकर यांच्याविषयीच्या आदरापोटी कोल्ट्रेन यांनी आपल्या मुलाचे नाव रवी ठेवले. पत्नी अ‍ॅलिस कोल्ट्रेन यांच्या 'जर्नी इन सच्चिदानंद' (१९७१) मध्ये तर तानपुरा आहे. 'काइंड ऑफ ब्लू'मधील पियानोवादक बिल एव्हान्स यांच्यामागे गेल्यास 'वॉल्ट्झ फॉर डेबी' हे तिघांचे नाजूक संभाषण भेटते.

आपल्याकडची बाजूही दुबळी नाही. मुंबईत जन्मलेले गिटारवादक अमान्सिओ डिसिल्वा यांचा 'इंटिग्रेशन' (१९६९), शंकर-जयकिशन आणि सतारवादक रईस खाँ यांचा अकरा रागांवरील 'रागा जॅझ स्टाइल' (१९६८), जॉन मॅक्लॉफ्लिन आणि झाकीर हुसेन यांच्या 'शक्ती'ची १९७०च्या दशकातील ध्वनिमुद्रणे, एवढे तरी यादीत असावे.

विष्णुपुरीपर्यंत

काळा घोडा येथील 'ऱ्हिदम हाउस' हे तबकड्यांचे जुने दुकान २०१६ मध्ये बंद झाले. आता अल्बमसाठी मुंबई गाठण्याची गरज उरलेली नाही. नांदेडजवळ गोदावरीच्या काठी वसलेल्या विष्णुपुरीत अभियांत्रिकी आणि वैद्यकीय शिक्षणासाठी राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या मोबाइलवर वर उल्लेखिलेले बहुतेक संगीत क्षणार्धात वाजू शकते. टंचाई संपली, ही आनंदाचीच गोष्ट आहे.

तरीही दोन गोष्टी निसटण्याचा धोका आहे. पहिली म्हणजे नावे. मोबाइलच्या पडद्यावर प्रमुख कलावंताचे नाव ठळक दिसते, साथीदारांची नावे मात्र शोधावी लागतात. 'अलबेला'च्या काळातील वादकांची अनामिकता अशा रीतीने पुन्हा परत येते. दुसरी म्हणजे सोबत. यंत्राने सुचविलेली रचना ऐकता येते, परंतु ती का आवडली हे यंत्राला सांगता येत नाही.

यावर उपाय साधा आहे. आठवड्यातून एक अल्बम निवडावा, तो सलग आणि दोनदा ऐकावा, वादकांची नावे वहीत लिहून ठेवावीत आणि मग ते एखाद्या मित्राला ऐकवावे. ३० एप्रिल हा आंतरराष्ट्रीय जॅझ दिन असतो, आरंभाला तेवढे निमित्तही पुरेसे आहे. त्यानंतर कोणी विचारले, सध्या काय ऐकता, तर उत्तर तयार असेल आणि त्या उत्तरातून आणखी एक श्रोता घडेल.